दोनशे चाळीस डोळे

व्हिटबी,
७ नोव्हेंबर

प्रिय लोरेटा,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून काही वाईट बातमी आहे असं तुला वाटलं असेल, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते की इकडे सगळे खुशाल आहेत. एडी ठणठणीत आहे, पिप्पा आणि ट्रॅव्हिस मजेत आहेत, आणि आमच्या ह्यांना, गॉर्डनला, काही होत नाही. पस्तीस वर्षं साखरेच्या पाकात हात घालून उभा आहे तो, मुरांब्यासारखा टिकणार. पोरांच्या लग्नानंतरच्या चार वर्षांत आपण दोघींनी एकमेकींना चार नाताळकार्डं पाठवली. तुझ्या कार्डावर बर्फातलं लाल कोठार, माझ्या कार्डावर बर्फातला पक्षी, आणि आत दोघींची नुसती सही. तुझ्या ट्रॅव्हिसला मी माझी पिप्पा दिली, एडी ही आपली एकुलती नात, आणि विहिणी विहिणी मात्र सहीपुरत्या. आज मला ते भांडण मिटवायचं आहे. ते कशावरून झालं हे मला गेल्या महिन्यापर्यंत ठाऊकच नव्हतं, असं म्हटलं तर तुला खरं वाटणार नाही. पण देवाशपथ तसंच आहे. सगळं नीट सांगते. मधे फाटे फोडीन, ते सहन कर. दुकानात दिवसभर बोलायची सवय आहे मला, आणि नोव्हेंबरात गिऱ्हाईक नसतं.

आधी मला तो लग्नाआधीचा आठवडा आठवू दे, कारण माझ्या आयुष्यात मी इतकी कधी हसले नव्हते. तू ओहायोहून दोन बॅगा घेऊन उतरलीस. एकीत कपडे आणि दुसरीत नुसता खाऊ. तुला मुलाच्या सासूचं गोळ्यांचं दुकान आहे एवढंच माहीत होतं, आणि तू दुकानदारणीलाच खाऊ घेऊन आलीस! मला तिथेच तू आवडलीस. दुसऱ्या दिवसापासून आपली ती परीक्षा सुरू झाली. दुपारी दुकान रिकामं झालं की मी एक बरणी उघडायची आणि तू तुझ्या बॅगेतलं एक पाकीट फोडायचं. तुझी ती पिंपाच्या आकाराची तपकिरी गोळी गॉर्डनने तोंडात टाकली, दोनदा फिरवली आणि म्हणाला, “लोरेटाबाई, ही चघळायची की गुडघ्याला चोळायची?” तिचा तो मुळ्या-सालींसारखा वास आमच्याकडे फक्त मलमाला येतो, त्याला तरी काय दोष द्यायचा. तू तितक्याच गंभीरपणे म्हणालीस, “दोन्ही करून बघा, गुण येईल ते चालू ठेवा.” गॉर्डन एखाद्या बाईच्या विनोदाला हसला ते मी पहिल्यांदा पाहिलं. माझ्या विनोदांना तो फक्त मान हलवतो.

मग मी तुला ज्येष्ठमधाची काळी वडी दिली. आमची आजोबा-पणजोबांपासूनची ती, आम्ही कौतुकाने पुढे केली, तर तू नाक मुरडून म्हणालीस, “मॉरीन, तुमच्याकडे रस्ता करून उरलेलं डांबर पोरांना वाटतात का गं?” आणि तुझी ती लालभडक गोळी! लाल म्हणजे आमच्याकडे रासबेरी किंवा स्ट्रॉबेरी, एवढं तर देशातल्या कोणत्याही पोराला कळतं. मी विश्वासाने दाढेखाली धरली आणि निघाली दालचिनी. तीही साधी नाही, मिरचीची सख्खी बहीण. माझ्या डोळ्यांतून पाणी, आणि समोर पाव पौंड लिंबाच्या गोळ्या मागायला आलेल्या म्हाताऱ्या मिसेस क्लेग विचारतात, घरात काही वाईट झालं का? त्याचं उट्टं मी जांभळ्या गोळीत काढलं. तू डोळे मिटून चोखलीस आणि एकदम डोळे उघडून म्हणालीस, हे द्राक्ष नव्हे, मला फसवलंत. आम्ही दोघं चक्रावलो. जांभळं म्हणजे काळ्या मनुकांसारखी दिसणारी आमची ती आंबट बोरं, ब्लॅककरंट, दुसरं असणार काय? मग गॉर्डनने तुला सांगितलं की तुमच्या देशात पूर्वी त्या झुडपाला बंदीच होती, पाइनच्या झाडांवर त्याच्यामुळे रोग पडतो म्हणून, त्यामुळे तुमच्या पिढ्यान् पिढ्यांनी ते फळ तोंडात घातलेलं नाही. तू कमरेवर हात ठेवून म्हणालीस, “म्हणजे झाडं वाचवायला आमच्या सरकारने माझं बालपण द्राक्षावर भागवलं!” आणि अख्खी बरणी मांडीवर घेऊन बसलीस.

फक्त चॉकलेटच्या बाबतीत मी तुझ्याशी खोटं बोलले. तू तुमच्याकडची वडी दिलीस, मी तुकडा खाल्ला, आणि मला तो आंबूस लागला, विरजण लागायला ठेवलेल्या दुधासारखा. पण पाहुणी बाई, त्यातून मुलीची सासू, म्हणून मी म्हणाले, “वेगळंच आहे हो!” यॉर्कशरमध्ये कोणी “वेगळंच आहे” म्हणालं की समजायचं, पुन्हा वाढू नका. तुला हे कोणी सांगितलं नव्हतं. तू खूश होऊन मला आणखी तीन वड्या काढून दिल्यास, आणि मी त्या तुझ्यासमोर खाल्ल्या. आमचं चॉकलेट खाऊन तू म्हणाली होतीस, “छान आहे, अंगाईगीतासारखं.” खाऊन झोप येते, असा तो टोमणा होता हे मला ट्रॅव्हिसने दोन वर्षांनी सांगितलं. म्हणजे गोड बोलून फसवण्यात आपण दोघीही काही कमी नव्हतो.

एडीचं सांगायला हवं, नाहीतर तू मधली पानं उलटशील. पावणेतीन वर्षांची आहे पण वकील होणार. आईजवळ जाऊन “स्वीट” मागते, बापाजवळ जाऊन तुमच्यासारखं “कँडी” मागते, आणि दोघांनाही वाटतं की आजची एकच दिली. पकडलं मी तिला. गॉर्डन घट्ट होत आलेला पाक भिंतीतल्या लोखंडी आकड्यावर टाकून ओढतो तेव्हा ही खाली उभी राहून आपले रिकामे हात तसेच ओढते, आणि दमले दमले म्हणून खुर्चीत बसते. तिच्या जन्माच्या वेळी तू तीन आठवडे लीड्सला त्यांच्या घरी होतीस, आणि नेमके तेवढेच दिवस माझं दुकान फार जोरात चालू होतं, मला येता आलं नाही, असं मी पिप्पाला कळवलं होतं. फेब्रुवारी महिना होता, लोरेटा. फेब्रुवारीत व्हिटबीत समुद्रपक्षीसुद्धा गोळ्या मागायला येत नाहीत. तुझी परतीची गाडी सुटली आणि दुसऱ्या दिवशी मी हजर. नंतर एडीच्या दोन्ही वाढदिवसांना तू आलीस तेव्हा मी नव्हते, आणि मी होते तेव्हा तू नव्हतीस. पोरांनी कधी तोंडाने विचारलं नाही. केक मात्र दरवेळी दोनदा कापला.

आता लग्नाची सकाळ. आदल्या दिवशी दुपारी तू म्हणालीस, मला तुझं मागचं स्वयंपाकघर दे, मला पोराच्या लग्नासाठी काहीतरी करायचंय. नावही सांगितलं होतंस, बकआय. मी ऐकलं, आणि तुमच्याकडचं कुठलं तरी आडनाव असेल असं समजून पुढे गिऱ्हाईक बघायला गेले. आत येऊन बघायला हवं होतं. नाही बघितलं. संध्याकाळी तू पिठीसाखरेने पांढरी होऊन बाहेर आलीस, ताटं थंड खोलीत ठेवली म्हणालीस, आणि पाय दुखतात म्हणून वर गेलीस. पहाटे साडेपाचला मी केक काढायला त्या खोलीत गेले. पीनट बटरच्या दोनशे चाळीस गोळ्या रांगेने मांडलेल्या, चॉकलेटमध्ये बुडवलेल्या, आणि प्रत्येकीचा वरचा भाग उघडा! वाटलं, बिचारीचं चॉकलेट कमी पडलं आणि संकोचाने माझ्याकडे मागितलं नाही. आता चार तासांनी व्हिटबीतल्या सगळ्या तोंडाळ बायकांची फौज येणार, आणि माझ्या विहिणीच्या अर्धवट गोळ्या बघून वर्षभर तोंडाला कुलूप लावणार नाही. मी एप्रन बांधला. आमचं चॉकलेट वितळवलं. दोनशे चाळीसच्या दोनशे चाळीस गोळ्या पुन्हा बुडवल्या, एकेक, पूर्ण. तेवढ्यावर थांबले असते तरी बरं. वर प्रत्येकीवर साखरेत घोळवलेली व्हायोलेटच्या जांभळ्या फुलाची पाकळी लावली! पीनट बटरवर व्हायोलेट! आज लिहितानाही माझे कान तापतात. पण त्या सकाळी मी इतकी समाधानी होते की काय सांगू. मनात म्हणाले, मॉरीन, तू आज एका बाईची लाज राखलीस, आणि तिला कळूही देणार नाहीस.

आणि मी खरोखरच कळू दिलं नाही. तू हॉलमध्ये आलीस, टेबलापाशी उभी राहिलीस. मी लांबून बघत होते, कौतुकाची वाट बघत. तू बराच वेळ ताटाकडे बघितलंस, मग माझ्याकडे वळून हसलीस आणि म्हणालीस, “वा, काय सुरेख केलंय!” मी हवेत. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर तू पहिल्या बसने गेलेली, आणि पंधरा दिवसांनी छापील आभारपत्र. मी ते गॉर्डनच्या पुढ्यात आपटलं. म्हटलं, बघा, पोराचं लग्न लागलं, आता समुद्रकाठच्या दुकानवालीशी काय बोलायचं! तीस वर्षं शाळेची बस चालवलेल्या बाईला मी शिष्ट ठरवलं, लोरेटा. गॉर्डन फक्त म्हणाला, “तू काहीतरी केलं असशील.” मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. त्याच्या ते लक्षातही आलं नाही.

आता गेला महिना. ऑक्टोबरात आम्ही लीड्सला गेलो होतो, रविवारी सगळे बागेत. हॉर्स चेस्टनटच्या झाडाखाली फळं फुटून बिया पडलेल्या असतात, तपकिरी, पॉलिश केल्यासारख्या. आमच्याकडे त्यांना भोक पाडून दोरीत ओवतात आणि एकमेकांच्या फोडतात. गॉर्डन साठी उलटली तरी अजून फसवून जिंकतो. एडीने एक बी उचलून बापाला दिली. ट्रॅव्हिसने ती फिरवली, तिच्यावरचा तो पांढुरका गोल ठिपका वर केला आणि हसत म्हणाला, “हे बघ एडी, बकआय. हरणाचा डोळा. आमच्या गावी ही झाडं असतात. तुझी आजी अश्शाच गोळ्या करते, अगदी डोळ्यासकट.” मी विचारलं, डोळा म्हणजे? तो म्हणाला, वरचा भाग चॉकलेटमध्ये बुडवायचा नाही, मुद्दाम उघडा ठेवायचा. “डोळा नसला तर ती बकआय कसली? बाबा वळायचे आणि आई बुडवायची. बाबा बाजूला उभे राहून तपासायचे, सगळ्यांना डोळे आहेत ना.” मग तो बी खिशात टाकत म्हणाला, “आमच्या लग्नातही तिला करायच्या होत्या. पण तिला वेळच झाला नाही म्हणाली.”

मी तिथल्या बाकावर बसले. तुला वेळ झाला नाही! तू एकटीने दोनशे चाळीस वळल्या होत्यास, तुझा अर्ल गेल्यानंतर पहिल्यांदाच, वळायचं कामही तुझ्यावरच आलेलं, आणि बुडवायचंही. मी सकाळी उठून त्यांचे डोळे बुजवले, वर फुलं ठेवली, प्रेतावर ठेवतात तशी. आणि पोराने विचारल्यावर तू माझं नाव सांगितलं नाहीस. त्याच्या लग्नाच्या दिवशी त्याच्या सासूला खाली बघायला लागू नये म्हणून स्वतःवर घेतलंस. मी समजत होते की त्या दिवशी मी तुझी लाज राखली. राखलीस तू माझी, चार वर्षं, आणि मी तुला शिष्ट म्हणत होते. मी तिथेच सगळ्यांसमोर कबूल केलं. गॉर्डन शांतपणे म्हणाला, “म्हणजे दोनशे चाळीस हरणं आंधळी केलीस.” पिप्पा हसायला लागली ती थांबेचना. ट्रॅव्हिस हसला नाही. तो उठून माझ्याजवळ येऊन बसला आणि त्याने माझा हात धरला. तुझा मुलगा फार चांगला आहे, लोरेटा. हेही मी तुला कधी लिहिलं नव्हतं.

मला माफ कर. “वेगळंच आहे हो” असं काही नाही, सरळ शब्दांत. मी घाईने शहाणपणा केला, विचारलं नाही, आणि तुझ्या नवऱ्याच्या आठवणीवर माझं चॉकलेट ओतलं. तू रागावलीस ते बरोबरच होतं. तेव्हाच येऊन माझ्या कानाखाली वाजवली असतीस तर चार वर्षं वाचली असती, पण तू ओहायोची आणि मी यॉर्कशरची. आपल्या दोघींच्याही आयांनी आपल्याला फार सभ्य वाढवलं. बागेतून परत आल्यावर मी तुमच्याकडचं पीनट बटर आणि चॉकलेट मागवून स्वतः करून बघितल्या. काडी टोचून बुडवायचं, आणि नेमकं गोल ठेवून वर काढायचं, हे दिसतं तितकं सोपं नाही. माझी अर्धी हरणं चकणी झाली. आणि तुमचं ते आंबूस चॉकलेट पीनट बटरच्या खारटपणाला किती जुळतं ते तेव्हा कळलं. आमच्या चॉकलेटने ती गोळी मिळमिळीत होते. पस्तीस वर्षं धंदा करून मला हे कळायला तुझी गोळी लागली. गॉर्डनने अकरा खाल्ल्या आणि बारावी घेताना म्हणाला, “बाई हुशार आहे.” त्याच्या तोंडून एवढं कौतुक आमच्या राणीचंही ऐकलं नव्हतं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. त्या रविवारी हसून झाल्यावर पिप्पा रडायला लागली, आणि मग मला कळलं. तुमच्या गावचे, चिलिकॉथीचे, जनावरांचे म्हातारे डॉक्टर निवृत्त होताहेत आणि त्यांना आपला दवाखाना ट्रॅव्हिसच्याच हाती द्यायचा आहे, दुसऱ्या कुठल्या जनावरांच्या डॉक्टरच्या नाही. नाताळपर्यंत उत्तर हवंय. त्याने तुला सांगितलेलं नाही, कारण पिप्पाने नाही म्हटलंय. मी विचारलं, का गं? म्हणाली, “आई, जिथे तुझं नाव निघालं की सासूबाई विषय बदलतात, तिथे मी एडीला घेऊन जन्मभर कशी राहू? आणि तुला इथे टाकून?” पण तिच्या स्वयंपाकघरातल्या खणात तुझ्या गल्लीतल्या एका पिवळ्या घराचा फोटो आहे, मी चमचे शोधताना पाहिला, कोपरे मळलेत इतक्यांदा तिने तो काढलाय. मला त्या दोघी इथेच हव्या आहेत, लोरेटा, हे लपवून काय करू. लीड्स बसने अडीच तास आहे, तेही मला लांब वाटतं. पण तिला जायचंय, आणि ती माझ्यासाठी आणि आपल्या भांडणासाठी अडून बसली आहे. माझ्या सांगण्याने ती हलणार नाही, तिला वाटेल आई मन मारून बोलते, आणि ते खरंच असेल. तूच तिला बोलाव. आपलं मिटलंय हे तुझ्या तोंडून सांग, आणि म्हण, या, घर बघून ठेवते. रविवारी बहुतेक आम्ही एकत्र असतो, म्हणून फोन शनिवारी सकाळी कर. तेव्हा मी दुकानात असते, म्हणजे हो म्हणताना तिला माझ्या तोंडाकडे बघावं लागणार नाही.

तुझीच,
मॉरीन